हेलसिंकीच्या पाण्यातल्या दोन मुली

जुलैत कर्जतला पाऊस लागला की शाळेची हजेरी निम्म्यावर येते. नदीपलीकडची मुलं घरीच राहतात, लोकल रखडली तर नेरळ-भिवपुरीकडची येत नाहीत. गेल्या वर्षी अशाच एका दिवशी आठवीच्या वर्गात अकरा मुली होत्या. धडा पुढे नेण्यात अर्थ नव्हता. मी फळ्यावर चार नावं लिहिली: नीलिमा घोष, मेरी डिसूझा, आरती साहा, डॉली नाझीर. या चौघी कोण, असं विचारलं.

कुणालाच सांगता आलं नाही. माझी तक्रार नाही, कारण ही नावं मलाही दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हती. पण शेवटच्या नावावर मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "टीचर, ही नाझीर आपली का?"

'आपली' म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. आमच्या मुली वर्तमानपत्र वाचतात, तेव्हा निकालाच्या यादीत, पदकांच्या यादीत आधी नाव शोधतात. मीही शोधते. मी सांगितलं की डॉली मुंबईची पारशी मुलगी. नाझीर हा शब्द अरबी-फारसीतून आला, कचेरीतला देखरेख करणारा अधिकारी असा त्याचा अर्थ, आणि असे शब्द कुणाच्याही अडनावात जाऊन बसतात. मुलीचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे आपली नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी मी वर्गात जे सांगितलं, आणि घाईत जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

१९५२ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरात ऑलिम्पिक भरलं. मराठी माणसाला ते साल पाठ असतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी झाली, प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मात्र त्याच भारतीय पथकात चार मुली होत्या, आणि स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिम्पिकला गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया, हे आपण शिकवत नाही.

नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा धावायला गेल्या होत्या. मेरी वांद्र्याची. सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना तेव्हा तिच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले. म्हणजे खाशाबांची गोष्ट त्याच साली वांद्र्यातही घडत होती, फक्त तिला पदकाचा शेवट नव्हता. २०१३ साली सरकारने मेरीला ध्यानचंद पुरस्कार दिला. मधे साठ वर्षं गेली होती.

उरलेल्या दोघी पोहायला गेल्या. मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा. दोघींची एक शर्यत समान होती: स्त्रियांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक.

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे छातीवर पालथं होऊन पोहणं. दोन्ही हात एकाच वेळी पुढे न्यायचे, बाजूला फाकवून पाणी मागे सारायचं आणि परत छातीपाशी आणायचे. पाय गुडघ्यात दुमडून बेडकासारखे मागे झाडायचे. ज्याने विहिरीत बेडूक पाहिला आहे त्याला अधिक समजावून सांगायला नको. पोहण्याच्या शर्यतींतला हा सगळ्यात संथ प्रकार, पण याच पद्धतीने डोकं पाण्याबाहेर ठेवून माणूस लांबवर जाऊ शकतो, समोर बघू शकतो. आमच्या पेज नदीकाठच्या बायका पुराच्या पाण्यात वाहून आलेली लाकडं धरायला जायच्या, त्या अशाच पोहत. त्याला काही नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४०चा. हेलसिंकीत ती पाण्यात उतरली तेव्हा बारा वर्षं पुरी व्हायला अजून दोनेक महिने होते. आमच्या सहावीतल्या मुलीएवढी. आई ती लहान असतानाच वारली होती, आजीने वाढवलं. काकांबरोबर ती गंगेच्या चांपातला घाटावर आंघोळीला जायची आणि तिथेच पोहायला लागली. पोरीला पाण्याची ओढ आहे हे बघून वडिलांनी तिला हाटखोला क्लबात घातलं. तिथे सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. हेच सचिन नाग पुढे १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकले. त्या दिल्लीच्या स्पर्धेत पोहण्याच्या शर्यती फक्त पुरुषांच्या होत्या, हेही नोंदवून ठेवते.

१९४८ साली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाल्या. आठ वर्षंही पुरी न झालेली आरती त्यात उतरली आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं रौप्य घेऊन गेली. त्या काळी या प्रकारात देशात नाव होतं डॉलीचं. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा अखिल भारतीय विक्रम तिच्या नावावर होता. १९५१ साली पश्चिम बंगालच्या राज्य स्पर्धेत आरतीने १ मिनिट ३७.६ सेकंदांत तो मोडला. आणि पुढच्याच वर्षी, जिचा विक्रम मोडला ती आणि जिने मोडला ती, अशा दोघी एकाच संघातून फिनलंडला गेल्या. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. एवढ्या लांबच्या प्रवासात ही थोरली त्या धाकटीशी काय बोलली असेल? एक गुजराती बोलणारी, एक बंगाली.

हेलसिंकीचा तरणतलाव उघड्यावरचा होता, पन्नास मीटर लांबीचा. तो खरं तर १९४०च्या ऑलिम्पिकसाठी ठरला होता. महायुद्धामुळे ते ऑलिम्पिक झालंच नाही आणि तलाव पुढे युद्ध संपल्यावर पुरा झाला. दोनशे मीटर म्हणजे त्या तलावाच्या चार लांब्या.

प्राथमिक फेरीत आरतीला ३ मिनिटं ४०.८ सेकंद लागले. डॉली आणि आरती दोघीही पुढच्या फेरीत गेल्या नाहीत. अंतिम शर्यत हंगेरीच्या एवा सेकेयने २ मिनिटं ५१.७ सेकंदांत जिंकली, तो ऑलिम्पिकचा नवा विक्रम होता. मी फळ्यावर गणित मांडलं. समजा एवा आणि आरती शेजारी-शेजारी पोहत असत्या, तर एवाने भिंतीला हात लावला तेव्हा आरती साधारण १५५ मीटरवर असती. म्हणजे जवळजवळ एक आख्खी लांबी मागे. वर्गात हसू फुटलं.

मग मी दुसरा आकडा लिहिला. स्त्रियांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली १९२४ साली पॅरिसमध्ये. जिंकली ब्रिटनची लूसी मॉर्टन, वेळ ३ मिनिटं ३३.२ सेकंद. म्हणजे कोलकात्याच्या घाटावर पोहायला शिकलेली साडेअकरा-बारा वर्षांची मुलगी एका काळच्या ऑलिम्पिक विजेतीपेक्षा फक्त ७.६ सेकंदांनी मागे होती. जग तोवर २८ वर्षं पुढे गेलं होतं. १९२८ला विजेतीची वेळ ३:१२.६ झाली, १९३६ला बर्लिनमध्ये जपानच्या हिदेको माएहाताने ३:०३.६ मध्ये जिंकलं, १९४८ला लंडनमध्ये हॉलंडच्या नेल फान फ्लीटने तीन मिनिटांची रेघ ओलांडली. या २८ वर्षांत त्या देशांनी मुलींसाठी बंदिस्त, गरम पाण्याचे तलाव बांधले, शाळांत पोहणं आणलं, प्रशिक्षक ठेवले. आपल्याकडे घाट होता, विहीर होती. आणि मुंबईत ब्रीच कँडीचा तरणतलाव होता, पण तो युरोपियनांचा. स्वातंत्र्य मिळून वर्षं लोटली तरी तिथे हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. या हिशेबाने आरतीचे ७.६ सेकंद मला फार वाटत नाहीत. हसू थांबलं होतं, एवढं खरं.

माएहाताबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. १९३२च्या लॉस एंजेलिसमध्ये तिचं सुवर्ण एक दशांश सेकंदाने हुकलं होतं. चार वर्षांनी बर्लिनला ती जिंकली, आणि ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी पहिली जपानी स्त्री ठरली. आशियातल्या स्त्रीला हे जमतं याचा पुरावा तिने १९३६लाच देऊन ठेवला होता, आणि तोही ब्रेस्टस्ट्रोकमध्ये.

आता एवा सेकेय. जिने आपल्या मुलींना एक लांबीने मागे टाकलं, तिची गोष्ट सांगितल्याशिवाय ही शर्यत पुरी होत नाही.

एवा बुडापेस्टची ज्यू मुलगी. १९४१ साली, चौदा वर्षांची असताना, ज्यू म्हणून तिला पोहण्याच्या संघातून काढून टाकलं. नाझींना सामील असलेली ॲरो क्रॉस नावाची टोळी १९४४च्या हिवाळ्यात बुडापेस्टमध्ये ज्यूंना घरांतून ओढून काढत होती आणि डॅन्यूब नदीच्या काठावर उभं करून गोळ्या घालत होती. एवाही एकदा पकडली जाता-जाता वाचली. पुढे ती स्विस संरक्षणाखालच्या एका घरात दाटीवाटीने लपून राहिली. पाणी नाही, तलाव नाही, बाहेर पडायची सोय नाही. तर ही मुलगी त्या इमारतीचे पाच मजल्यांचे जिने रोज सकाळी शंभर वेळा चढ-उतार करायची. कशासाठी, तर पोहण्याची ताकद टिकावी म्हणून. १९४८च्या ऑलिम्पिकला ती चौथी आली, १९५२ला पहिली. त्या वर्षी हेलसिंकीत स्त्रियांच्या पोहण्याच्या पाच शर्यती होत्या आणि त्यातल्या चार हंगेरीच्या मुलींनी जिंकल्या.

आमच्यापैकी काही वाचक विचारतील, ज्यू मुलीची ही गोष्ट इथे कशाला. मला वर्गात कुणीच विचारलं नाही. जिन्यांची गोष्ट ऐकताना मुली एकदम गप्प होत्या. नावावरून, मजहबवरून एखाद्या मुलीला पाण्याबाहेर काढलं जातं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

एक तांत्रिक गोष्टही सांगून टाकते, कारण जुन्या वेळा आणि आजच्या वेळा कुणी नुसत्या शेजारी ठेवल्या तर गोंधळ होतो. एवाने १९५२ची शर्यत जिंकली ती हात पाण्यावरून उडवत पुढे नेऊन, ज्याला आपण आज बटरफ्लाय म्हणतो. तेव्हाच्या नियमांत ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत हे चालायचं. हेलसिंकीनंतर बटरफ्लाय वेगळा प्रकार ठरला आणि १९५६ला मेलबर्नपासून त्याची वेगळी शर्यत सुरू झाली. मेलबर्नला एवा जुन्या पद्धतीच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्येही दुसरी आली. त्याच मेलबर्नला भारताकडून ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय पोहणारा होता गुंटूर जिल्ह्यातला शमशेर खान, फौजेतला माणूस. पण तो पुरुषांचा विषय, त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आरतीचं पुढचं आयुष्य बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ब्रेस्टस्ट्रोकपासून तुटून. २९ सप्टेंबर १९५९ रोजी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली, १६ तास २० मिनिटांत. महिन्याभरापूर्वीचा पहिला प्रयत्न फसला होता. खाडी ओलांडणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९६०ला पद्मश्री मिळाली, १९९४ला ती गेली, १९९९ला तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. ती हेलसिंकीत प्राथमिक फेरीत मागे पडली, त्यानंतर सात वर्षांनी हे घडलं. डॉलीचं तिकीट निघालं नाही. मुंबईतच ती देशातली पहिल्या क्रमांकाची पोहणारी झाली, मुंबईहून ऑलिम्पिकला गेली, आणि मराठी सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तिला ओळभर जागा नाही.

आता पाण्याकडे येते. आमच्या पाण्याकडे.

कर्जत-खालापूर तालुक्यांत पाण्याला तोटा नाही. उल्हास आहे, पेज आहे, खोपोलीकडे पाताळगंगा. टाटांच्या भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतून सुटणारं पाणी पेज आणि पाताळगंगेला उन्हाळ्यातही आटू देत नाही. पावसाळ्यात डोंगर जिथे तिथे धबधब्यांनी भरतो, आणि दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून माणसं येतात. त्यातली काही परत जात नाहीत. बुडालेल्यांच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचतो, आणि त्यांत गावातली मुलंही असतात. दगड शेवाळलेला असतो, पाय घसरतो, आणि पोहता येणारं कुणी जवळ नसतं.

माझी नानी 'पोहणं' म्हणत नसे, 'पवणं' म्हणायची. तिला उत्तम पवता यायचं. पेजच्या काठी तिचं लग्नाआधीचं घर, बायकांची धुण्याची जागा वेगळी, तिथे आडोशाला मुली पाण्यात पडायच्या आणि मोठ्या बायका काठावरून ओरडून शिकवायच्या. अंगावर साडी किंवा जुना कुर्ता. माझ्या अम्मीला येत नाही. मलाही येत नाही. नळ आले, नदीवर धुणं बंद झालं, मुलींना घराबाहेर कमी सोडायला लागले, आणि दोन पिढ्यांत आमच्या घरातून ही गोष्ट गेली. आम्ही याला शरीफपणा म्हटलं. नानी कमी शरीफ होती का?

मी नऊ वर्षांची असताना माझी मामेबहीण पेजच्या डोहात घसरली. आम्ही सहा-सात जणी काठावर किंचाळत उभ्या होतो, एकीलाही पवता येत नव्हतं. पलीकडे एक कातकरी बाई मासे धरत होती. ती आली ती अगदी शांतपणे, डोकं वर ठेवून, हात पुढून बाजूला सारत, आणि बहिणीला केसांना धरून काठावर घेऊन आली. मग तिने आम्हाला शिव्या घातल्या आणि परत जाळ्याकडे गेली. अनेक वर्षांनी ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत पहिल्यांदा पडद्यावर बघितली तेव्हा मला तीच बाई आठवली. नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

भारताची निशा मिलेट २०००च्या सिडनी ऑलिम्पिकला पोहली. ती पाच वर्षांची असताना बुडता-बुडता वाचली होती, आणि म्हणून वडिलांनी तिला पोहायला शिकवायचं ठरवलं. आमच्या घरी बहीण वाचली तेव्हा ठरलं ते असं, की यापुढे मुलींनी नदीवर जायचं नाही.

आता पडद्याचा प्रश्न. तो टाळून लिहिलं तर हा लेख खोटा होईल. आमच्या शाळेत पालकांपुढे पोहण्याचा विषय काढला की पहिला प्रश्न असतो, कोण बघणार? दुसरा, काय घालणार? हे प्रश्न विचारणारे पालक मागासलेले आहेत असं म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. प्रश्न रास्त आहेत, आणि ते फक्त आपले नाहीत.

१९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचं पोहणं पहिल्यांदा आलं. ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅक आणि मिना वायली यांना जायचं होतं. पण न्यू साऊथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचाच नियम होता, की पुरुष हजर असतील अशा ठिकाणी बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. अध्यक्ष होत्या रोझ स्कॉट. त्या कुणी जुन्या वळणाच्या बाई नव्हत्या, स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून आयुष्य वेचलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पुरुषांच्या नजरेपुढे मुलींना उभं करू नका. बराच वाद होऊन नियम बदलला, रोझ स्कॉट यांनी पद सोडलं, लोकांनी पैसे जमवले आणि दोघी गेल्या. १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये फॅनीला सुवर्ण, मिनाला रौप्य. आज मी दोन्ही बाजू वाचते तेव्हा रोझ स्कॉट यांचा राग येत नाही. नियम बदलला हे बरं झालं, असं मात्र वाटतं.

दुसरा रस्ता इराणने काढला. १९९३ साली फाएझे हाशेमी यांच्या पुढाकाराने तेहरानमध्ये मुस्लिम देशांतल्या स्त्रियांची स्पर्धा भरली. पोहण्याच्या ठिकाणी खेळाडू बायका, पंच बायका, प्रेक्षक बायका, पुरुषांना आणि त्यांच्या कॅमेऱ्यांना मज्जाव. अशा चार स्पर्धा २००५पर्यंत झाल्या. त्यांच्यावर टीका दोन्हीकडून झाली. कट्टर लोक म्हणाले हे फार झालं, बाहेरचे म्हणाले हे कोंडून ठेवणं आहे. मला वाटतं, नानीच्या धुण्याच्या घाटाचीच ती मोठी आवृत्ती होती. तेवढ्याने शेकडो मुली पाण्यात उतरल्या असतील तर मी नाक मुरडणार नाही. अडचण पुढे आहे. ऑलिम्पिकच्या पातळीवर जायचं तर २०१०पासूनच्या नियमाप्रमाणे तलावातल्या शर्यतीत स्त्रियांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असू शकतो. तो नियम वेग वाढवणाऱ्या अंगभर पोशाखांना आळा घालण्यासाठी झाला, आपल्याला डोळ्यासमोर ठेवून नव्हे. पण लागू आपल्यालाही होतो. प्रत्येक मुलीला आणि घराला त्याचा निर्णय स्वतः करावा लागेल.

मात्र शर्यत निराळी आणि पोहता येणं निराळं. दुसऱ्यासाठी कुठलाही पोशाख चालतो. आणि तिथे आपल्यापाशी सबब उरत नाही. हजरत उमर यांच्या नावाने आपल्याकडे एक वचन सांगितलं जातं, औलादीला पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, अशा आशयाचं. जुम्म्याच्या बयानात मी ते लाउडस्पीकरवरून कितीदा ऐकलं आहे. उर्दूची शिक्षिका म्हणून एवढंच सांगते, की औलाद या शब्दात बेटा आणि बेटी दोन्ही येतात.

'ही आपली का' या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं, म्हणून मी शोधत बसले, आणि गुवाहाटी सापडलं. फेब्रुवारी २०१६, दक्षिण आशियाई स्पर्धा. पोहण्याच्या जागेचं नाव डॉ. झाकिर हुसेन यांचं. पोहण्यात भारताच्या मुलामुलींचं वर्चस्व होतं, पदकांमागून पदकं आपली. तिथे स्त्रियांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बांगलादेशची महफूजा खातून शिला पहिली आली, १ मिनिट १७.८६ सेकंद. मग ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्येही पहिली, ३४.८८ सेकंद, स्पर्धेचा नवा विक्रम. जशोर जिल्ह्यातली मुलगी, आरतीच्या बंगालचाच तुटलेला भाग. या स्पर्धेत पोहण्याचं सुवर्ण मिळवणारी ती बांगलादेशची पहिली स्त्री.

आरतीने १९५१ला मोडलेल्या विक्रमाची वेळ आठवा, १ मिनिट ३७.६. महफूजा त्याच अंतरात वीस सेकंदांनी आधी पोचली.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने टाळी वाजवली आणि लगेच थांबली. इकडे-तिकडे बघितलं. दुसऱ्या देशाची खेळाडू, त्यात बांगलादेशची, टाळी वाजवली तर चालतं का, हे ती बघत होती. चौदा वर्षांची मुलगी. मी जरा मोठ्यानेच टाळी वाजवली, म्हटलं, अगं, शर्यतीत जिंकणाऱ्यासाठी सगळेच वाजवतात, माएहातासाठीही वाजवू. मग माएहातासाठी वाजवली, एवासाठी वाजवली, आणि शेवटी डॉलीसाठी, जी कुठल्याही फेरीत पुढे गेली नव्हती. बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले.

यानंतर गप्प बसणं मला जमेना. कर्जतच्या आसपास तरणतलाव इतके आहेत की विमानातून बघितलं तर निळे ठिपके मोजता येतील, पण ते फार्महाउसचे आणि रिसॉर्टचे. एका रिसॉर्टला मी विचारायला गेले. आठवड्यातून एक सकाळ, बारा मुली, पैसे देऊ. व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाले, नायलॉनचा कॉश्च्यूम असेल तर बघू, कुर्ता-सलवार चालणार नाही, पाणी खराब होतं. नायलॉनचे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे पोशाख मिळतात, ते आणू म्हटलं. मग म्हणाले, पाहुण्यांना बरं दिसणार नाही.

वाट निघाली ती वर्गातूनच. एका मुलीचे अब्बा एका फार्महाउसवर राखणदार आहेत. ती सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन तिथल्या तलावातली पानं जाळीने काढते, काठ घासते. सहा वर्षं ती त्या पाण्याच्या कडेला काम करते आहे, आणि आत कधी उतरली नव्हती. तिच्या अब्बांनी मालकिणीला फोनवर विचारलं. त्या बाई मुंबईच्या, महिन्यातून एकदा येतात. त्यांनी हो म्हटलं, अट एकच, कुणीतरी शिकवणारं हवं. शेजारच्या गावातल्या एक निवृत्त क्रीडाशिक्षिका यायला तयार झाल्या. फाटक आतून बंद, राखणदार बाहेर रस्त्यावर.

अकरापैकी सात मुलींच्या घरून लेखी परवानगी आली. पहिल्या मंगळवारी चौघी आल्या. एकीच्या दादीने सोबत येऊन काठावर खुर्ची टाकली, तस्बीह काढली आणि सगळा वेळ नातीला पाय कसे झाडायचे ते सांगत राहिली. दादीचं माहेर पाताळगंगेच्या काठचं, हे मला तेव्हा कळलं.

मी स्वतः पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभी होते. बाईंनी मुलींना कठड्याला धरून आधी फक्त पाय शिकवले, बेडकाचे. तिसऱ्या मंगळवारी राखणदाराची मुलगी तलावाची रुंदी एकटीने पार करून गेली, साधारण सात-आठ मीटर. पलीकडच्या कडेला धरून, धापा टाकत तिने मला विचारलं, किती सेकंद लागले. मी घड्याळ बघितलं नव्हतं. म्हणाली, मग परत करते, आता बघा.